वीतभर लांब पाइप

२ डिसेंबर, रविवार

ही वही सायराकानने आणून दिली. म्हणते, "अहो, ऑइल कधी बदललं, फिल्टर कधी बदलला, तुमच्या काही म्हणता काही लक्षात राहत नाही. लिहून ठेवत जा." मी म्हटलं, तीस वर्षं गाड्या चालवतोय, कधी लिहावं लागलं नाही. ती म्हणाली, "तीस वर्षांपूर्वी तुम्ही एकच गोष्ट तीनतीनदा सांगत नव्हता." म्हणून लिहितो.

तर गाडीची, म्हणजे कोळशाच्या ट्रकची, तक्रार. स्टेअरिंग कण्हतंय. सरळ रस्त्याला गप्प असतं, डावीकडे वळवलं की सुरू होतं, गाईपासून तोडलेल्या वासरासारखं. सकाळी थंडीत जास्त, दुपारी कमी. हा आवाज पहिल्यांदा ऐकला सायराकाननेच, ऑक्टोबरात, कोच्कोरच्या बाजारातून येताना. मी म्हटलं, वारा आहे. माझा डावा कान जरा कमी आहे. ते गावात कुणाला माहीत नाही आणि तिने कुणाला सांगितलेलं नाही.

आजवर केलं ते असं. ऑइल बदललं. फिल्टर बदलला. पंधरवड्यापूर्वी स्टेअरिंगचा पंपच बदलला, दुसऱ्या गाडीतून काढलेला, पण चांगला. आवाज जसाच्या तसा. गळती म्हणावी तर तीही नाही. गाडीखाली पुठ्ठा पसरून बघितला, ऑइलचा एक थेंब पडला नाही.

काल मॉस्कोहून एरमेकचा फोन आला. तो चार वर्षं तिथे ट्रकच्या गॅरेजात आहे, त्यामुळे आता बापाला शिकवण्याइतका शहाणा झालाय.

"आके, स्टेअरिंगच्या ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून बघितलंत? ऑइलला फेस आहे का?"

"आहे थोडा."

"मग पंप कशाला बदललात? फेस म्हणजे हवा. कुठून तरी हवा ओढतंय. टाकीतून पंपाकडे जाणारा रबरी पाइप बघा. सकाळी तुम्ही ब्लोलॅम्प धरता ना, बरोबर तिथेच आहे तो. भाजून कडक झाला असेल. बारीक चीर पडली की ऑइल बाहेर येत नाही, हवा आत जाते."

मला राग आला. इथे हिवाळ्यात प्रत्येक ड्रायव्हर सकाळी इंजिनाच्या पोटाखाली ब्लोलॅम्पची ज्योत धरतो. माझ्या बापाने धरला, मी धरतो. त्याशिवाय गोठलेलं ऑइल सुटतच नाही. मी म्हटलं, "तू उबदार गॅरेजात बसून मला थंडी शिकवू नकोस."

तो गप्प बसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "आके, विकून टाका ना गाडी. आता पुरे झालं. तुम्ही डोंगरात असता तेव्हा आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. मी पाठवतोच आहे." गाडी त्याच्या पैशांतून घेतली हे खरं आहे. पण ती चालवतो मी. अठ्ठावन्नाव्या वर्षी भिंतीला टेकून सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायचं असेल तर त्याने बसावं. मी फोन ठेवून दिला. सायराकान दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

४ डिसेंबर, मंगळवार

कोळशासाठी कारा-केचेला निघालो. सकाळी उणे सव्वीस. अर्धा तास ब्लोलॅम्प धरला. सायराकान शिदोरीची पिशवी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "रबर जळल्यासारखा वास येतोय." मी म्हटलं, "तुला कसलाही वास येतो." पिशवीत तळलेले बोरसोक, सुकं दही आणि मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा हा एवढा गोळा. थंडीत हीच कामाला येते.

किझार्टच्या खिंडीत प्रत्येक डाव्या वळणाला गाडी रडत होती. खाणीवर पोचलो तर रांगेत माझा नंबर त्रेसष्ट. म्हणजे आठवडा गेला.

६ डिसेंबर, गुरुवार

रांग काल चार गाड्या सरकली, आज एकही नाही. दिवसभर बुरुलचाच्या चहाच्या डब्यात बसतो. जुन्या बसची चाकं काढून तिने आत चूल घातली आहे. मिर्झाबेक माझ्या मागे सहा गाड्या सोडून आहे. शाळेपासूनचा मित्र. तोंडाला कुलूप नाही. मला बघून सगळ्यांसमोर म्हणाला, "जुमाके, तुम्ही निघालात हे आम्हाला खिंडीपलीकडूनच कळलं. तुमच्या गाडीला हॉर्नची गरज काय?"

मी म्हटलं, "माझी गाडी वळताना रडते. तुझी चढावर जीव सोडते."

"पण वहिनी तरी बऱ्या आहेत ना? का त्याही वळताना रडतात?" डबा हसला. बुरुलचाने त्याच्या पाठीत पळी मारली.

सादिरही आहे इथे. दोन वर्षांपूर्वी याच रांगेत असताना त्याची आई गेली होती. मिर्झाबेकने निरोप आणला, आणि सादिरला घरी न्यायचं माझ्याकडे आलं. अशी बातमी माणसाला वाटेत देत नाहीत. त्याला घरी आणायचं, वडीलधाऱ्यांनी जमायचं, त्याला मधोमध बसवायचं, मग सांगायचं. तोवर तोंडात येईल ते बोलायचं. मी त्याला म्हटलं, तुझी हरवलेली घोडी सापडली, ओळख पटवायला तू हवास. पुढे बोलायला काही सुचेना, तेव्हा बटाट्याच्या बियाण्याचा विषय काढला. तीन तास बटाटे. कुठलं बियाणं कीड धरत नाही, कुठलं दुष्काळात टिकतं. माझ्या घरी बटाट्याची एक सरीसुद्धा नाही. सादिर आज म्हणाला, "जुमाके, तेव्हा मला काही म्हणता काही कळलं नव्हतं. तुम्ही फार छान खोटं बोललात." माणसाची कदर कशाकशाने होईल सांगता येत नाही.

९ डिसेंबर, रविवार

दुपारी टेकडीवर चढून गेलो. फोन तिथेच लागतो. सायराकानशी बोललो. बरी आहे. वासराला खोकला झालाय. बोलणं संपतंय तोच एरमेकचा फोन.

"आके, त्या पाइपची जाडी बाहेरून किती आहे? आणि टाकीपासून पंपापर्यंत लांबी? सुतळीने मोजलीत तरी चालेल."

"तुला काय करायचंय?"

"माझ्या खोलीतला झमीर गावी यायचाय, त्याच्याबरोबर पाठवतो. इथे चांगल्या रबराचा मिळतो."

"मला काही पाठवू नकोस."

"आके, नुसतं माप सांगा."

मी म्हटलं, "माप मिळणार नाही," आणि बंद केला. खाली उतरताना वाटलं, थोडं जास्तच झालं. पण परत चढायचं म्हणजे अर्धा तास, आणि वारा सुटला होता. पुढच्या शनिवारी बोलेन. तोवर त्याचंही डोकं थंड होईल.

१० डिसेंबर, सोमवार

काहीतरी शिजतंय.

सकाळी मिर्झाबेक टेकडीवरून उतरला तो माझ्याकडे न बघता सरळ बुरुलचाच्या डब्यात शिरला. मी मागोमाग गेलो तर आत सगळे गप्प. बुरुलचाने रेडिओ बंद केला. मी म्हटलं, गाणं चालू होतं ते का बंद केलंस, तर म्हणाली बॅटरी संपली. बॅटरी काल नवी घातली होती, माझ्यासमोर.

मग मिर्झाबेक आला आणि म्हणाला, "जुमाके, तुमचा फोन द्या जरा, माझा गोठलाय." दिला. दुपारी मागितला तर म्हणे हातातून पडला, चालू होत नाही. याच्या हातातून कधी वोडकाचा पेला पडला नाही, फोन कसा पडला?

संध्याकाळी सादिर येऊन उभा राहिला. तो विसावा आहे रांगेत, मी आता एक्केचाळिसावा. म्हणाला, "जुमाके, माझा नंबर तुम्ही घ्या." मी विचारलं का. तो बुटाने बर्फ उकरत राहिला. "असंच. तुमच्या गाडीला त्रास आहे."

मला आता सगळं कळलं. हे एरमेकचं काम आहे. त्याने मिर्झाबेकला फोन केला असणार की बापाला काहीतरी करून खाली आणा, गाडी विकायची आहे. गिऱ्हाईकही ठरलं असेल. सगळ्या रांगेला माहीत आहे आणि मला कुणी सांगत नाही, म्हातारा दुखावेल म्हणून. माझ्या पाठीमागे. पोटच्या पोराने.

त्याच्या पैशांची गाडी आहे ना, मग त्याने स्वतः यावं आणि घेऊन जावं. मी किल्ली देईन आणि पुन्हा त्याचं तोंड बघणार नाही. हे रागात लिहिलेलं नाही. तासभर विचार करून लिहितोय.

११ डिसेंबर, मंगळवार

आज त्याचं म्हणणं खोटं पाडायचं म्हणून पाइप तपासला. केबिन पुढे पाडली, आडवा झालो, हात घातला. पंपाजवळच्या टोकाला पाइप लाकडासारखा लागला. नखाने दाबला तर दबत नाही. चीर काही दिसली नाही. मग सायराकानने दिलेली शेपटीची चरबी हातावर मऊ केली आणि त्या टोकाला जाड लेप दिला, क्लिपवरून चांगली बोटभर. चीर असेल तर हवेऐवजी चरबी ओढेल आणि आवाज बदलेल.

बुरुलचाला डब्याबाहेर उभं केलं. तिचा कान तिखट आहे. इंजिन चालू करून स्टेअरिंग डावीकडे फिरवलं.

"काय ऐकू येतंय?"

"काही नाही जुमाके," ती म्हणाली. मग तोंडावर रुमाल धरून आत पळाली. चरबीच्या वासाने असेल.

दहा मिनिटांनी चरबी आत ओढली गेली आणि आवाज परत सुरू झाला. म्हणजे पंप ठीक होता. पहिलाही ठीकच असणार. पोरगं बरोबर होतं. तीन हजार किलोमीटरवरून, नुसतं ऐकून. माझ्या हाताखाली शिकला तेव्हा त्याला पाना नीट धरता येत नव्हता.

हे मी त्याला सांगणार नाही. शनिवारी फोनवर एवढंच म्हणेन की पाइप बदलला, आवाज गेला. त्याला काय समजायचं ते समजेल. माझा राग गाडी विकण्याचा आहे, तो वेगळा.

आज जेवायला तीन जणांनी बोलावलं. मिर्झाबेकने मटणाचा चांगला तुकडा निवडून माझ्यापुढे ठेवला, मी म्हातारा पाहुणा असल्यासारखा. कुणी पत्ते काढले नाहीत. मला त्यांची दया नको आहे. गाडी जातेय, मी नाही.

१२ डिसेंबर, बुधवार

हे खिंडीत लिहितोय, माझ्याच गाडीत, बाजूच्या सीटवर बसून. मिर्झाबेक खाली उतरून टायर बघतोय. टायरला काहीही झालेलं नाही.

सकाळी तो आला आणि म्हणाला, "जुमाके, चला, गाडी खाली नेऊ. हे स्टेअरिंग धोक्याचं आहे. मी चालवतो."

"रिकामी? आठ दिवस रांगेत काढून?"

"रिकामीच."

"अरे, हा आवाज आहे, धोका नाही. हवा धरलीय फक्त. गाडी वळते, थांबते, सगळं करते."

"जुमाके," तो म्हणाला, "ऐका ना माझं एकदा." इतक्या वर्षांत हा माझ्याशी असा बोललेला नाही. त्याची गाडी सादिर सांभाळणार आहे. निघताना दहा-बारा ड्रायव्हर येऊन उभे राहिले. प्रत्येकाने दोन्ही हातांनी माझा हात धरला. मी म्हटलं, मी मरायला नाही चाललो. कुणी हसलं नाही.

वाटभर मिर्झाबेकने एक विनोद केला नाही. गाडी मात्र जपून चालवतो, डावी वळणं हळू घेतो, तिला दुखू नये असा. मी मनात वाक्यं जुळवत बसलो होतो, गिऱ्हाइकाला काय सांगायचं, सायराकानला काय सांगायचं.

आत्ता खिंडीच्या माथ्यावर येताना त्याने विचारलं, "जुमाके, यंदा बटाट्याचं बियाणं कुठून आणायचं म्हणता?"

२१ डिसेंबर, शुक्रवार

नऊ दिवसांनी वही उघडली. लिहिलं नाही तर डोक्यात तेच तेच फिरत राहतं.

त्या दिवशी मी मिर्झाबेकला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला माझ्या तोंडावर खोटं बोलावं लागलं असतं, आणि ते किती जड जातं हे मला माहीत आहे. मी म्हटलं, नारीनचं बियाणं बरं, कीड कमी. तो म्हणाला, पण उगवण उशिरा. मी म्हटलं, उशिरा पण दणकट. अडीच तास आम्ही दोघं बटाट्यावर बोललो. माझे हात मी मांडीखाली दाबून ठेवले होते.

मला वाटलं, सायराकान. दुसरं कोण असणार? गेल्या वर्षीपासून तिच्या छातीत दुखतं. एरमेकचा विचार एकदासुद्धा मनात आला नाही. तो सत्तावीस वर्षांचा.

गाडी गल्लीत वळली. आमच्या फाटकासमोर माणसं, काठ्या टेकून उभी. मी उतरलो आणि अंगणात गेलो, तर सायराकान दुधाची बादली घेऊन गोठ्यातून येत होती. ती चालत होती. ती जिवंत होती. त्या क्षणी मी खूश झालो. इतका खूश झालो की मला हसू आलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, ही माणसं का जमलीत? मला कुणी सांगत नाही." तेव्हा माझं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं.

आम्हाला दोघांना एकत्र आत बसवलं. इशेन आजोबा बोलले. ते गावात सगळ्यांत मोठे. "जुमादिल, सायराकान, मन घट्ट करा. एरमेक रविवारी गेला." सायराकानच्या हातात अजून बादली होती. बुरुलचा तिच्या मागे उभी होती, ती आमच्या आधी कोळशाच्या दुसऱ्या गाडीने आली होती. तिने बादली काढून घेतली.

रविवारी संध्याकाळी. रस्ता ओलांडताना, सुट्या भागांच्या बाजाराकडून येताना, झमीर म्हणाला. रस्त्यावर बर्फ वितळून परत गोठलं होतं, मोटार थांबली नाही. गुरुवारी पेटी आली; ती कधी येणार हे कळेपर्यंत मला रांगेतच राहू द्यायचं ठरलं होतं. जस्ताची, बंद केलेली. उघडू नये असं कागदावर लिहिलं होतं, इशेन आजोबाही नको म्हणाले. अंगणात पेटीसाठी तंबू घातला. मी कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून बाहेर उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येकाबरोबर मोठ्याने रडलो, जसं बापाने रडायचं असतं. सायराकान आत भिंतीकडे तोंड करून शोकगीत गात होती. तिला इतके शब्द येतात हे मला माहीत नव्हतं. गाण्यात ती त्याला विचारत होती, तुझे पाय गरम आहेत का.

आज मागची पानं वाचली. सोमवारचं पान वाचलं. मी ते लिहीत होतो तेव्हा तो मॉस्कोत कुठल्यातरी थंड खोलीत होता, आणि सगळ्या रांगेला माहीत होतं, मला सोडून. शेवटी लिहिलंय की तासभर विचार करून लिहितोय. पान फाडायला हात लावला. पण फाडलं तर मी तसा नव्हतोच असं होईल. राहू दिलं.

२८ डिसेंबर, शुक्रवार

झमीर परत मॉस्कोला चाललाय. निरोप घ्यायला आला. पेटीबरोबर आला तेव्हा एरमेकची बॅग दिली होती, आज एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. म्हणाला, "ही तेव्हा द्यायला धीर झाला नाही. त्याच्याजवळ होती." मी त्याला चहा दिला. तो प्यायला नाही.

पिशवीत रबरी पाइप आहे. नवा, जाड, मऊ. वाकवला की वाकतो आणि सोडला की सरळ होतो. बरोबर चार क्लिपा. पिशवीच्या एका बाजूला चिखल वाळलाय. कुठे पडली असेल कोण जाणे.

सुतळी आणली आणि मोजलं. टाकीपासून पंपापर्यंतच्या अंतरापेक्षा पाइप चांगला वीतभर लांब. मी माप दिलं नाही म्हणून त्याने अंदाजाने घेतला. माप मागत होता बिचारा. दोनदा मागितलं. सुतळीने मोजा म्हणाला. मला किती वेळ लागला असता?

पिशवी गोठ्यात खुंटीला अडकवली. गाडीकडे जायची इच्छा नाही.

२० जानेवारी, रविवार

परवा एरमेकचा चाळिसावा दिवस झाला. सगळे जेवून गेले. मिर्झाबेक आणि सादिरने भांडी धुवायला पाणी आणलं, बुरुलचा तीन दिवस राहिली. आज घर रिकामं झालं.

सकाळी सायराकान म्हणाली, "अहो, गाडी किती दिवस अशी ठेवणार?"

मी म्हटलं, "विकायचीच आहे. तो म्हणाला होता तसं."

"विका," ती म्हणाली. "पण रडकी विकू नका. त्याने पाइप पाठवलाय."

ब्लोलॅम्प काढला नाही. दुपारच्या उन्हाची वाट बघितली. केबिन पाडली, खाली सतरंजी टाकली, जुना पाइप सोडवला. टोकाशी वाकवला तेव्हा चीर उघडली, नखाएवढी, आतून काळी जळकी. माझ्याच हाताने भाजलेली, रोज सकाळी थोडी थोडी.

नवा पाइप लावायला घेतला. वीतभर जास्त होता तेवढा कापून टाकावा म्हणून सुरी आणली. मग क्लिपांकडे लक्ष गेलं. चार होत्या. पाइपला टोकं दोन, क्लिपा दोन लागतात. उरलेल्या दोन कशाला? मोठ्या होत्या, चासीच्या पट्टीला बसतील अशा. तसाच आडवा पडून पट्टीवर बोट फिरवलं. पट्टीला वरच्या अंगाला दोन भोकं आहेत, मी ती कधी बघितली नव्हती. त्याच्या गॅरेजात याच मॉडेलच्या गाड्या येत असणार, त्याने ती बघितली होती. पाइप टाकीतून निघून सरळ खाली न जाता त्या पट्टीवरून वर जातो, दोन ठिकाणी बांधला जातो, आणि मागून वळून पंपाला येतो. ब्लोलॅम्पची ज्योत तिथे पोचतच नाही. लांबी बरोबर तेवढीच लागली. बोटभरही जास्त नाही, कमी नाही.

म्हणजे मी ब्लोलॅम्प सोडणार नाही हे त्याला माहीत होतं. गाडी विकणार नाही हेही.

किती वेळ खाली होतो माहीत नाही. सायराकानने वाकून बघितलं आणि विचारलं, "अडकलात का?" मी म्हटलं, "नाही, क्लिप बसवतोय."

केबिन पूर्ववत केली. पुढची चाकं जॅकवर उचलून खाली ठोकळे दिले. ऑइल भरलं. आता पाइपात राहिलेली हवा काढायची, त्याला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, दुसऱ्याने टाकीजवळ उभं राहून बुडबुडे बघायचे आणि ऑइल घालत राहायचं. एरमेक घरी असला की तोच वर बसायचा. मी मिर्झाबेकला बोलवायला फाटकाकडे निघालो.

"मी फिरवते," सायराकान म्हणाली.

ती कधी त्या सीटवर बसलेली नाही. तिला वर चढवलं. पाय खाली पोचत नव्हते. दोन्ही हातांनी चाक धरून समोर बघत बसली, काळा रुमाल कपाळापर्यंत. मी सांगितलं, डावीकडे, शेवटपर्यंत. आता उजवीकडे. ती फिरवू लागली. टाकीत बुडबुडे वर येऊ लागले, आधी मोठे, मग बारीक, साबणाच्या फेसासारखे. मी सांगत होतो, ती फिरवत होती. एवढंच. डावीकडे. उजवीकडे.

मग इंजिन चालू केलं. मी डाव्या कानाला हात लावला, जरा वाकलो, पण मला खात्री होईना. "आवाज येतोय का गं?"

तिने डोकं कलतं करून ऐकलं. डावीकडे पूर्ण फिरवलं, थांबली, परत ऐकलं.

"नाही," ती म्हणाली. "गेला."

टाकीत बघितलं. ऑइल स्वच्छ होतं, तळ दिसत होता. काम झालं होतं. मी तिला थांब म्हणायला वर बघितलं. ती रडत होती, तोंड न हलवता, आणि चाक फिरवत होती. डावीकडे शेवटपर्यंत, मग सावकाश उजवीकडे. कुणीतरी दिलेलं काम नीट पार पाडावं तशी.

"आहे का अजून हवा?" तिने विचारलं.

मी टाकीत वाकून बघितल्यासारखं केलं.

"आहे," मी म्हटलं. "फिरव अजून थोडं."